दुभाष्या

विराज शितोळेचं विमान कोंबड्यांच्या शेडमध्ये जन्मलं, आणि ही गोष्ट गावानं त्याला कधी विसरू दिली नाही.

विट्याच्या पलीकडे माळावर त्याच्या वडिलांनी बांधलेल्या पोल्ट्रीच्या शेड होत्या. बर्ड फ्लूच्या एका साथीनंतर त्यातली एक रिकामीच राहिली. तिथं विराजनं आणि त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, चार वर्षं सुटीच्या दिवशी खपून दोन सीटचं विमान उभं केलं. सांगाडा परदेशातून सुट्या भागांत आला, इंजिन एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून. रिव्हेट मात्र एकूण एक या दोघांनी ठोकले. रंग देऊन झाल्यावरसुद्धा ऊन तापलं की कॉकपिटमध्ये कोंबडीखताचा वास सुटायचा. "उडतंय का अंडी घालतंय?" असं जाणारायेणारा विचारायचा. विराज चिडायचा नाही. विकत घेतलेलं विमान म्हणजे बॉयलर, घरी वाढवलेलं ते गावरान, असं तो सांगायचा. शेवटी शेपटावर त्यानं मोठ्या अक्षरांत 'गावरान' असंच रंगवून घेतलं.

दाजींचं नाव धनंजय कणसे. कऱ्हाडच्या तंत्रनिकेतनात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा आणि त्याला उंचीची भयंकर भीती होती. घराच्या गच्चीवर टाकी बघायला जायचं तरी तो कठड्यापासून चार हात लांब राही. गावरानमध्ये तो अनेकदा बसला, पण दर वेळी ते शेडमध्ये उभं असताना, पॅनेलच्या मागं डोकं घालून. उडवायचं विराजनं, तारा जोडायच्या दाजींनी, अशी वाटणी होती.

तिसरी भागीदार तृप्ती. धनंजयची बायको आणि विराजची ताई. आई लवकर गेल्यामुळे विराजला तिनंच वाढवलं होतं, आणि विमानाला परवानगी देताना तिनं दोन अटी घातल्या होत्या. याला लहानपणापासून अधूनमधून डोळ्यांपुढं अंधारी येते, तेव्हा विमानाला थोडा वेळ तरी आपलं आपण सरळ उडता आलं पाहिजे. आणि कुठं पडलंच, तर कुठं पडलं ते कळलं पाहिजे. पहिल्या अटीसाठी त्यांनी एक जुना, पण ठणठणीत ऑटोपायलट मिळवला. दुसरीसाठी 'हाक' बसवली. ही हाक म्हणजे विमान आदळलं की आपोआप जागं होणारं आणि उपग्रहाकडे आपलं ठिकाण ओरडून सांगणारं यंत्र.

पण या दोन्ही यंत्रांना आपण कुठं आहोत हे कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या काळात ते सांगणं सोपं राहिलं नव्हतं.

ड्रोननं धरणं आणि वीजकेंद्रं उडवण्याचे काही प्रकार जगात झाले, त्यानंतर आपल्याकडेही चांदोलीसारख्या मोठ्या धरणांवर 'छत्र' आलं. छत्र डोळ्यांना दिसत नाही. तो नुसता रेडिओचा गोंगाट आहे. उपग्रहाचा संदेश हजारो किलोमीटरवरून येतो आणि पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की भर जत्रेत कुणी लांबून कुजबुजावं. छत्र त्या जत्रेत लाउडस्पीकर लावतं. मग ड्रोनला आपण कुठं आहोत ते कळत नाही, आणि तिथून जाणाऱ्या विमानालाही कळत नाही. मोठ्या विमानांकडे यावर महागडे उपाय होते. गावरानसारख्यांसाठी बाजारात 'वाटाड्या' आला. साबणाच्या वडीएवढा डबा. उपग्रह ऐकू येत असेपर्यंत तो साधा जीपीएस. ऐकू येईनासे झाले, की तो आपल्या पोटातल्या संवेदकांना विचारतो, किती वळलो, किती हिसके बसले? पण ते संवेदक स्वस्तातले. डोळे मिटून एसटीत बसलेल्या माणसाला ब्रेक कळतो, वळण कळतं, पण गाडी चाळीसनं चाललीय की साठनं, ते काही सांगता येत नाही. तसाच सावकाश, एकसारखा रेटणारा वारा त्यांना कळत नाही. ही उणीव वाटाड्या आठवणीनं भरून काढतो. हे विमान या वाटेनं आजवर कसं गेलं, किती वेळात कुठं पोचलं, हे सगळं तो शिकून ठेवतो आणि आंधळा झाला की सवयीवरून सांगतो, एव्हाना आपण इथं असणार.

आणि तो प्रामाणिक असतो. त्याच्यातून एकच तार निघते आणि तिच्यातून दर क्षणाला एक ओळ बाहेर पडते. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि शेवटी एक खूण. निश्चित, किंवा अंदाज.

गावरानच्या ऑटोपायलटला अंदाज ही गोष्टच ठाऊक नव्हती. तो वाटाड्याच्या आधीच्या पिढीतला. निश्चित असेल तर उडवीन, नाहीतर हात वर, असा त्याचा खाक्या.

विराज दर रविवारी सकाळी रत्नागिरीला जायचा आणि दुपारी ताईसाठी मासळी घेऊन परतायचा. थर्माकोलचं अस्तर असलेली निळी पेटी, तिला दोन भक्कम कड्या, आत बर्फ आणि बर्फात बांगडे नाहीतर सुरमई. सोबत ताईनं दिलेला चहाचा थर्मास. विमानातून मासळी आणणारा अख्ख्या खानापूर तालुक्यात तो एकटाच. अशाच एका रविवारी तो आला तो घुश्शातच.

"दाजी, त्या बोंबल्याचं कायतर करा," तो म्हणाला. "छत्रात शिरलं की बोंब मारतोय आन् विमान सोडून देतोय. आज ढगात सोडलं. एक पंख खाली गेला तवा कळलं मला. काळजात धस्स झालं बगा."

तृप्ती पेटीच्या कड्या काढत होती. तिचा हात थांबला.

"मग नको जाऊस तिकडं," ती म्हणाली. "बांगडे विट्यातपण मिळतात."

"विट्यात मिळत्यात ते बांगडे न्हाईत ताई. बांगड्यांचे फोटो हायत."

ती हसली नाही. धनंजयकडं बघत म्हणाली, "तुम्ही एवढी पोरं शिकवता. एक डबडं तुम्हाला गप्प करता येत नाही?"

करता येत होतं. तेच तर वाईट झालं.

धनंजयनं काडेपेटीएवढी एक पट्टी तयार केली. वाटाड्याची ओळ एका बाजूनं आत घ्यायची, शेवटची खूण 'अंदाज' असली तर तिथं 'निश्चित' घालायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर सोडायची. वाटाड्या आणि ऑटोपायलट यांच्या बोलण्याचा वेग जुळवायला त्याला एक संध्याकाळ लागली. खूण बदलायला चहा संपेपर्यंतचा वेळ. त्या पट्टीला त्यानं नाव दिलं दुभाष्या.

दुभाष्याची खरी जागा ऑटोपायलटच्या तोंडाशी होती, म्हणजे त्याचं बोलणं फक्त ऑटोपायलटनं ऐकलं असतं. पण ते तोंड पॅनेलमागच्या पेट्रोलच्या टाकीआड दडलेलं. टाकी उतरवायची म्हणजे चार दिवसांचं काम, आणि सील पुन्हा बसवताना गळती लागायची भीती. घरी विमान बांधणारी माणसं टाकीला सहसा हात लावत नाहीत. धनंजयनं दुभाष्या अलीकडे, वाटाड्याच्या बुडाशीच जोडला. तिथून पुढं तीच तार ऑटोपायलटकडे जात होती, नकाशाच्या पडद्याकडे जात होती आणि हाकेकडेही.

"पुढच्या वर्षी टाकी उतरवू, तेव्हा याला जागेवर नेऊ," तो म्हणाला.

"नेऊ की."

"तोवर एक ध्यानात ठेव. छत्रात शिरल्यावर पडद्यावर पिवळी पट्टी यायची ना, ती आता येणार नाही. नकाशा बरोबरच दिसेल. पण तो अंदाज असेल."

"ठेवतो ध्यानात," विराज म्हणाला. "आन् पडलोच तर?"

तो चेष्टेनं विचारत होता. धनंजय चेष्टा न करता बोलला. "पडलास तर जागा सोडायची नाही. जंगलात चालणारा माणूस सापडत नाही, पडलेलं विमान सापडतं. हाकेच्या डब्यावर हिरवा दिवा लागला की समज, ठिकाण पोचलं. पाय मोडो, काही होवो, तिथंच बसायचं. आम्ही येतोच."

"ताईला घेऊन येऊ नका म्हंजे झालं. लई बडबडंल."

ते वर्ष सुखाचं गेलं. ऑटोपायलट एकदाही ओरडला नाही. विराजची वाट ठरलेली, वेग ठरलेला, त्यामुळे वाटाड्याचा अंदाजही चपखल बसायचा आणि छत्राबाहेर आल्यावर नकाशातलं विमान जेमतेम बोटभर सरकायचं. पिवळी पट्टी दिसायची बंद झाली, तसं छत्र आहे हेच विराज विसरत चालला. जे दिसत नाही ते माणूस किती दिवस ध्यानात ठेवणार? टाकी उतरवायचं काम एकदा लग्नसराईमुळं पुढं गेलं, एकदा परीक्षांमुळं. धनंजयला तर दुभाष्याचा अभिमान होता. 'दोन पिढ्यांच्या यंत्रांची गाठ कशी घालावी' म्हणून त्याचं उदाहरण तो वर्गात फळ्यावर काढून दाखवायचा.

मग फेब्रुवारीतला तो रविवार आला. अरबी समुद्रात अवेळी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. घाटावर ढग उतरले होते आणि पूर्वेकडून, म्हणजे नेहमीच्या अगदी उलट दिशेनं, जोराचा वारा सुटला होता.

विराजचा रत्नागिरीहून फोन आला. "ढगावरनं येतो, दाजी. आज सुरमई अशी घावलीय म्हणता, ताईला म्हणावं मसाला वाटून ठेव."

तृप्तीनं मसाला वाटून ठेवला.

ढगांवर लख्ख ऊन असेल. विमान आपलं आपण उडत असेल आणि विराज गाणं म्हणत असेल. समोरून वारा त्याला मागं रेटत होता, आणि ते ना त्याला कळत होतं ना वाटाड्याला. छत्राच्या गोंगाटात वाटाड्या सवयीनं सांगत राहिला, आता चांदोली आली, आता मोठे डोंगर मागं पडले, आता शिराळ्याकडच्या उतरत्या टेकड्या. दुभाष्या प्रत्येक ओळीला 'निश्चित' जोडत राहिला. नकाशात मोठे डोंगर मागं पडलेले बघून विराजनं ढगात नाक खुपसलं आणि खाली उतरायला लागला. मोठे डोंगर खरं म्हणजे अजून त्याच्या खालीच होते.

शोधविभागाचा फोन दुपारी आला. हाक ऐकू आली होती, पण एकदाच. पुन्हा ओरडली असती तर उपग्रहांनी आवाजावरूनच जागा शोधून काढली असती. पण बहुधा तिची एरियल तुटली होती. एकुलत्या एका संदेशात ठिकाण मात्र आलं होतं. शिराळ्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेचं.

"ठिकाण कळलंय ना?" तृप्तीनं विचारलं. तिच्या हाताला अजून मसाल्याचा वास होता. "नक्की कळलंय?"

"निश्चित म्हणून आलंय," धनंजय म्हणाला.

बोलता बोलताच त्याला हाकेकडे जाणारी तार आठवली.

जंगलाच्या कडेच्या विश्रामगृहात शोधपथकानं मुक्काम ठोकला होता. प्रमुख होत्या शर्वरी मगदूम. वनखात्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी नकाशावर लाल पेन्सिलीनं एक लहानसं वर्तुळ काढून दाखवलं.

"छत्रामुळं आम्हाला ड्रोन उडवता येत नाहीत आणि या ढगात हेलिकॉप्टर यायला तयार नाही," त्या म्हणाल्या. "सगळं पायीच. पण तुमचं नशीब चांगलं म्हणायचं, संदेशावर निश्चितची खूण आहे. म्हणून पहिल्या वर्गाचा शोध मंजूर झाला आणि मला दीडशे माणसं मिळाली. एवढ्या वर्तुळात दीडशे माणसं म्हणजे उद्यापर्यंत सापडायलाच हवेत."

"आणि अंदाज अशी खूण असती तर?" धनंजयनं विचारलं.

"तर दुसरा वर्ग. ठिकाण माहीत नाही असं धरायचं, गावांना कळवायचं आणि जमेल तेवढी गस्त घालायची. अख्ख्या चांदोलीत शोधणार कुठं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे त्यालाही कळत होतं. पण तृप्ती शेजारी उभी होती, आणि बाहेर काठ्या, दोर, स्ट्रेचर घेऊन दीडशे माणसं निघाली होती. तोंड उघडलं की ती माणसं जाणार होती. शिवाय दुभाष्या नेहमी खोटं थोडंच बोलायचा? वर्षभर अंदाज बरोबरच येत होता. आजही आला असेल. धनंजय अशी स्वतःची समजूत घालत राहिला. तृप्ती दर थोड्या वेळानं येऊन त्याला म्हणायची, "तुमचं यंत्र चुकायचं नाही." तिला धीर हवा होता आणि तो देण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं कारवीच्या रानातून ओरबाडलेले हात घेऊन परत आली. वर्तुळ पालथं घातलं होतं. एक पत्रा नाही, मोडलेली फांदी नाही. खालच्या वाडीतल्या लोकांनी आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

धनंजय मगदूम बाईंच्या खोलीत गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. दुभाष्या, टाकी, पिवळी पट्टी. सांगताना त्याला रडू फुटलं.

बाईंनी शेवटी विचारलं, "हे तुम्ही काल का नाही बोललात?"

"माणसं गेली असती."

"आता जातील ती. थकून जातील." त्यांनी नकाशा त्याच्याकडे सरकवला. "मी माणसं पाठवू कुठं? ते सांगा."

त्यानं हवामान खात्याकडून त्या दुपारचे वरच्या वाऱ्याचे आकडे मिळवले. छत्रात शिरल्यापासूनचा वेळ धरला, वारा वजा केला. आकडे आले ते त्याच्या मनातल्या भीतीपेक्षा वाईट होते. विमान लाल वर्तुळाच्या पार मागं, पश्चिमेला, ऐन गाभ्यातल्या डोंगरांत असायला हवं होतं. पण वारा वर वेगळा होता, खाली वेगळा, आणि विराज किती उंचीवर होता ते कुणालाच माहीत नव्हतं. वर्तुळाच्या जागी एक लांबलचक पट्टा तयार झाला. त्यात दोन खोरी होती आणि पायवाटाही नसलेलं रान.

"हे किती खात्रीचं?"

"अंदाज आहे," धनंजय म्हणाला. हा शब्द त्यानं वर्षभरात पहिल्यांदाच खरा उच्चारला होता.

नियमाप्रमाणे बाईंनी वर कळवलं. नियमाप्रमाणेच शोध दुसऱ्या वर्गात गेला आणि संध्याकाळच्या आत बहुतेक माणसं ट्रकमधून परत गेली. ट्रक का चालले, हे तृप्ती व्हरांड्यात उभी राहून एकेकाला विचारत होती. धनंजयला तिला सांगावंच लागलं.

ती पायरीवर बसली.

"म्हणजे ढगात उतरताना त्याला ठाऊकच नव्हतं, आपण कुठं आहोत ते आपल्याला ठाऊक नाही म्हणून?"

"नव्हतं."

"पिवळी पट्टी असती तर?"

"तर उतरला नसता."

"आणि मीच म्हटलं होतं, गप्प करा म्हणून," तृप्ती म्हणाली. मग मान वर करून तिनं त्याच्याकडं पाहिलं. "पण मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला कळत होतं."



मगदूम बाई आपल्या वनरक्षकांना घेऊन त्या पट्ट्यात चार-पाच दिवस फिरल्या. धनंजयही फिरला. उंच कड्यांच्या अगदी काठाशी पालथा पडून तो खाली बघायचा आणि विराजला हाका मारायचा. आवाज दरीतून परत यायचा. मग तेही थांबलं.

गावरान सापडलं ते महिनाभरानं, वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढणाऱ्या मजुरांना. धनंजयच्या पट्ट्याच्या थोडं बाहेर. अंदाजसुद्धा चुकला होता, फार नाही, पण पुरेसा.

मगदूम बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि वर नेलं. तृप्तीला आणू नका, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. गर्द जांभळीखाली विमान पंख मोडून पडलं होतं. शेपूट तेवढं शाबूत होतं आणि त्यावरचं नाव लांबूनच वाचता येत होतं. धनंजय मनात एकच गोष्ट मागत चालला होता, की तो जागच्या जागी गेलेला असू दे.

तसं नव्हतं. कॉकपिटमधली सीट बाहेर काढून झाडाच्या सावलीत ठेवलेली होती. खुणेचं नारिंगी कापड मोकळ्या जागी पसरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. विराज त्या सीटवर होता. त्याच्या उजव्या पायाला दोन फळकुटं लावून पट्ट्यानं नीट बांधलेली होती. हाताशी निळी पेटी. सगळं दाजींनी सांगितल्याप्रमाणे.

धनंजय सीटजवळ खाली बसला. हिरवा दिवा लागलेला विराजनं पाहिला असणार. ठिकाण पोचलं, आता दाजी येतील, असं म्हणून त्यानं सीट बाहेर ओढली असणार. मग किती दिवस? तीन? पाच? आठ?

"या टेकाडाच्या मागं पाणवठा आहे," मगदूम बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं आमची चौकी आहे. माणसं असतात. त्या दिवशी वाऱ्यात त्यांना काही ऐकू आलं नाही."

"पाय मोडला होता त्याचा."

"हो. पण सरपटत गेले असते तरी..."

"मी सांगितलं होतं," धनंजय म्हणाला. "जागा सोडू नको म्हणून मीच सांगितलं होतं त्याला."

बाई त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. परत निघताना म्हणाल्या, "माझ्या अहवालात हे सगळं येणार. तो तुमच्या घरी पोचायला सहा महिने जातील. तोवर त्यांच्या बहिणीला काय सांगायचं, ते तुम्ही बघा."

दिवसकार्य झालं. घर रिकामं झालं. तृप्ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची, जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, एवढंच. तिचं रागावणं त्याला परवडलं असतं. ती रागावत नव्हती.

काही दिवसांनी पोलिसांनी विराजच्या वस्तू परत दिल्या. घड्याळ, थर्मास आणि निळी पेटी. तृप्तीनं पेटी परसातल्या नळाखाली नेली. दर रविवारी मासळी काढून घेतल्यावर ती पेटी अशीच धुवायची. धनंजय दारात उभा राहिला. जावं की थांबावं, त्याला कळेना.

तिनं दोन्ही कड्या काढल्या. त्या घट्ट लावलेल्या होत्या. आत मासे नव्हते, खवलंही नव्हतं. पेटी स्वच्छ कोरडी होती आणि तळाशी थर्मासचं झाकण ठेवलेलं होतं, पेल्यासारखं सरळ. पोलिसांनी ते होतं तसंच राहू दिलं होतं.

तृप्तीनं झाकण उचललं. नळ वाहत होता.

"अहो," ती म्हणाली. अपघातानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अशी हाक मारली.

"काय?"

"विराज पडल्या पडल्याच गेला ना?"

धनंजयकडं उत्तर होतं. या खेपेला त्यात अंदाज अजिबात नव्हता. बर्फाचं पाणी पिऊन पिऊन कोरडी झालेली पेटी, फळकुटं, नारिंगी कापड, टेकाडामागची चौकी, सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मान वर करून त्याच्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. आत होतं ते त्यानं आतच ठेवलं आणि दुभाष्यासारखी खूण बदलून उत्तर पुढं दिलं.

"हो," तो म्हणाला. "लगेच."

"नक्की?"

"नक्की."

तृप्तीनं मान हलवली. झाकण नळाखाली धरलं, बोटानं आतून पुसलं आणि थर्मासवर फिरवून घट्ट बसवलं. मग पेटी धुतली आणि दर रविवारसारखी भिंतीशी उपडी घातली.

"शाळेच्या सहलीला दिलेली पाण्याची बाटली अर्धी परत आणायचा," ती म्हणाली. "लागेल म्हणून पुरवून पुरवून प्यायचा."

नळ बंद करून ती त्याच्या शेजारून आत गेली.